मनात काय चाललंय, हे विचारायचं कसं?

संशोधक बोट कापल्याचं सोंग करतो आणि मुलाला म्हणतो, ‘जरा पट्टी आणून देतोस?’ समोर काही डबे असतात. त्यातला एक उघडच जखमेच्या पट्ट्यांचा. मूल तोच उचलतं. झाकण काढलं तर आत भलतंच काहीतरी. मग खरा प्रश्न येतो: ‘डबा उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, आत काय असेल?’

डेव्हिड विल्यम्स आणि फ्रान्सेस्का हॅपे यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगाची खुबी अशी, की मुलाला आपला समज आधी बोलून दाखवावा लागत नाही. त्याआधीच्या चाचण्यांत गोळ्यांची नळी दाखवून ‘यात काय आहे?’ असं विचारत. मूल ‘गोळ्या’ म्हणायचं आणि आत निघायची पेन्सिल. पुढे त्याला आठवला तो आपला विचार की आपणच उच्चारलेला शब्द, हे ठरवायला मार्ग नव्हता. पट्टीच्या प्रयोगात शब्दच नाही. आणि नेमकी तिथे बरीच ऑटिस्टिक मुलं अडली. हात योग्य डब्याकडे गेला होता, म्हणजे समज होता. ‘मला असं वाटलं होतं’ हे मागे वळून सांगणं मात्र जड गेलं.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हटलं की दुसऱ्याचं मन ओळखण्यातली अडचण आठवते. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा खेळ करून ती तपासली. सॅलीने टोपलीत ठेवलेली गोटी तिच्या अपरोक्ष अ‍ॅन डब्यात हलवते. परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी ती आता जिथे आहे तो डबा दाखवला. दुसऱ्याचं मन वाचणं आणि स्वतःचं वाचणं या दोन्हींमागची यंत्रणा एकच असेल, तर ऑटिस्टिक व्यक्तीला स्वतःचे विचारही वेगळ्या तऱ्हेने कळत असतील, हा मुद्दा फ्रिथ आणि हॅपे यांनी १९९९ मध्ये मांडला. मुद्दा गंभीर होता. पण लोकांच्या तोंडी त्याचं ‘यांना आतलं जगच नसतं’ असं होऊन बसलं. हे चूक तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

याच दोघींनी १९९४ मध्ये रसेल हर्लबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबरोबर केलेलं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. हर्लबर्टची पद्धत साधी. माणसाने कानात बारीकसा बीपर घालून आपली रोजची कामं करायची. मध्येच, कुठल्याही क्षणी, तो वाजतो. वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं, तेवढंच टिपून ठेवायचं. ‘तुमचा स्वभाव कसा’, ‘तुम्ही कसा विचार करता’ असले ढोबळ प्रश्न नाहीत. मग निवांत बसून त्या टिपणांवर बोलायचं. अ‍ॅस्परगर सिंड्रोम, म्हणजे तेव्हा वेगळ्या नावाने ओळखला जाणारा ऑटिझमचा प्रकार, असलेल्या तीन प्रौढांनी हे केलं. तिघांनाही मनातलं सांगता आलं, आणि ते प्रामुख्याने चित्रांत होतं. इतर लोक ज्या मनातल्या मनात बोलण्याबद्दल सांगतात, ते यांच्या वर्णनात जवळजवळ नव्हतंच. कुणाला मनातलं कितपत सांगता येतं, हे मात्र दुसऱ्याचं मन ओळखण्याच्या चाचण्यांतल्या त्यांच्या कामगिरीशी जुळत होतं. तीन माणसांवरून सिद्धान्त होत नाही. पण नेमक्या क्षणाबद्दल शांतपणे विचारलं, तर उत्तर मिळू शकतं, एवढं त्यातून दिसलं.

पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक आहेत. सगळेच आपल्यासारखा चित्रांतून विचार करतात, असं त्यांना कित्येक वर्षं वाटायचं. चर्चचा मनोरा म्हटलं की इतरांना एक सर्वसाधारण मनोरा दिसतो आणि आपल्याला मात्र आजवर पाहिलेले नेमके मनोरे एकेक करून, हे त्यांना लोकांना विचारल्यावर उमगलं. म्हणजे आपला विचार कसा चालतो, ते दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांनाही कळलं नव्हतं. तसं ते आपल्यापैकी किती जणांना कळतं?

भावनांचं प्रकरण वेगळं. आत काहीतरी होतंय, पण तो राग की भीती की भूक, हे सांगता न येणं याला अ‍ॅलेक्सिथिमिया म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकात पीटर सिफ्निऑस यांनी दिलं. सुमारे निम्म्या ऑटिस्टिक लोकांत ते आढळतं, म्हणजे उरलेल्या निम्म्यांत नाही. ऑटिझम नसलेल्या लोकांतही ते असतं. जेफ बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की दुसऱ्याच्या वेदनेला मेंदू किती प्रतिसाद देतो याचा संबंध या अ‍ॅलेक्सिथिमियाशी आहे, ऑटिझमशी नाही. ‘ऑटिस्टिक माणसं कोरडी असतात’ या समजाला यामुळे चांगलाच धक्का बसला.

नेमकं विचारण्याचा घरात लगेच उपयोग होतो. ‘काय झालं? कसं वाटतंय?’ या प्रश्नावर मूल गप्प राहिलं की आपण तोच प्रश्न आवाज चढवून विचारतो. त्याऐवजी ‘पोटात दुखतंय का? मिक्सरचा आवाज नको वाटतोय का?’ असं एकेक विचारावं, किंवा चित्रं पुढे ठेवून दाखवायला सांगावं. उत्तराला वेळ द्यावा.

मात्र हर्लबर्टच्या टिपणांना आणि ग्रँडिन यांच्या आठवणींना भाषा लागते. ज्यांना बोलताच येत नाही किंवा जेमतेम येतं, असे ऑटिस्टिक लोक बहुतेक संशोधनातून वगळलेच गेले आहेत. त्यांच्या मनापर्यंत पोचेल असा प्रयोग अजून कुणाला नीट रचता आलेला नाही.