तहानेवर विसंबू नका

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. रणरणत्या उन्हातला धोका निदान दिसतो. नाहूर-मुलुंडच्या दमट हवेत दुकानाच्या सावलीत बसूनही अंगातील पाणी घामावाटे जाते, याकडे मात्र लक्ष जात नाही. त्यातच दुकानात स्वच्छतागृह नसल्यास व्यापारी पाणी पिणेच टाळतो.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ज्येष्ठांनी इतर खुणा ओळखाव्यात. लघवी कमी व गडद पिवळी होणे, तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, उठताना चक्कर येणे ही पहिली लक्षणे होत. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते, रडताना अश्रू येत नाहीत. बोलण्यात गोंधळ किंवा ग्लानी दिसल्यास, लघवी बंद झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मे महिन्यात मुंबईत चौविहारापासून नवकारशीपर्यंत साडेअकरा तासांहून अधिक वेळ जातो. रोजमेळ संध्याकाळी जुळवला तरी चालतो. पाण्याचा हिशेब दुपारीच पाहावा. दिवसभर थोडे थोडे पाणी घ्यावे. उपवासात ही लक्षणे दिसल्यास ती घरच्यांपासून लपवू नयेत.

जुलाब-उलट्या होत असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटाघोटाने द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.