गाविलगड : आश्रयाची उत्तर बाजू

महालात राहणाऱ्याला डोंगराची सवय नसते. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, पलीकडे शुक्रवारी तलाव, आणि मुलूख सगळा सपाट. राजधानी अशी मैदानात असली की आश्रयाचा डोंगर लांब शोधावा लागतो. नागपूरकर भोसल्यांपाशी तसा एक डोंगर होता, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड.

नाव गवळ्यांचे. दगडी तटांआधी इथे गवळ्यांची मातीची गढी होती, असे परंपरा सांगते. माझ्या मते ते अशक्य नाही. सुमारे १,१०० मीटर उंची, वर चराईचे पठार आणि तळ्यांत पाणी. गुरे घेऊन पळणाऱ्याला याहून अधिक काय हवे? फेरिश्ता मात्र गडाच्या बांधणीचे श्रेय अहमदशाह वली बहमनीला देतो. काळ १४२५ च्या सुमाराचा. पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्काने १४८८ च्या सुमारास गड नव्याने उभारला. दिल्ली दरवाजावर सिंह, हत्ती आणि दुतोंडी गंडभेरुंड कोरलेले आहेत. फतहुल्ला मूळचा विजयनगरचा ब्राह्मणपुत्र, लहानपणी कैद होऊन आलेला, असे फेरिश्ताच लिहितो. ते गंडभेरुंड पाहताना ही नोंद आठवल्यावाचून राहत नाही. बुर्ज-ए-बहरामवरचा लेख १५७७ चा, म्हणजे वऱ्हाड निजामशाहीत गेल्यानंतरचा. राज्ये बदलली तरी प्रत्येकाने डागडुजी केली ती याच डोंगराची.

पण तट नीट पाहिले की बांधणाऱ्यांची भीती कळते. दक्षिणेला कडा सरळ तुटलेला. तिथे निसर्गच पहारेकरी. उत्तरेला मात्र डोंगर पठाराशी जोडलेला आहे. म्हणून आतला किल्ला, त्याच्या उत्तर-वायव्येला बाहेरचा किल्ला आणि त्याही पुढे, लबाडा गावाकडून येणारी वाट अडवायला, तिसरी भिंत. दगड सर्वांत जास्त जिथे रचला, तीच गडाची दुखरी बाजू.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत भोसल्यांची फौज मोडली. वाचलेले पायदळ गाविलगडावर चढले. आर्थर वेलस्ली दक्षिणेला उभा राहिला, आणि स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरदऱ्यांतून हातांनी ओढत लबाड्याकडे नेल्या. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला; १५ ला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून शत्रू आत शिरला. आतल्या किल्ल्याची भिंत तोफांनी पाडली नव्हती. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने तिला शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजापाशी प्रेतांच्या राशीत सापडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

आश्रयाचा गड पळून आलेल्यांना वेळ मिळवून देतो. तेवढ्या वेळात बाहेरून मदत आली नाही, तर तोच डोंगर सापळा होतो. गवळ्याला गुरांसह दुसऱ्या रानात जाता येत होते. बेनीसिंगाला जायला जागाच उरली नव्हती.

गडावर जाणारे बहुतेक जण दक्षिणेच्या कड्यावरून दरी पाहून परततात. गड समजून घ्यायचा तर उत्तरेकडे पाठ फिरवून चालत नाही.