व्रणबंध बदलताना : वर्षाऋतूतील काही विचार

आषाढात भातलावणी सुरू झाली की कर्जत-खालापूर भागातील आपल्या दवाखान्यांत पायाच्या जखमांचे रुग्ण वाढतात. चिखलात अनवाणी उभे राहणे भाग असते आणि वाडीवरून रोज दवाखान्यात येणे शक्य नसते. सकाळी बांधलेली पट्टी दुपारी भिजलेली असते. अशा वेळी व्रणबंध केव्हा व कसा सोडावा, हा प्रश्न व्यवहाराचा ठरतो.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात हेमंत, शिशिर व वसंतात तिसऱ्या दिवशी, तर शरद, ग्रीष्म व वर्षेत दोन दिवसांनी बंध सोडावा असे सांगितले आहे. उतावीळपणे दुसऱ्याच दिवशी सोडल्यास व्रण उशिरा भरतो, हेही तेथेच आले आहे. मात्र आत्ययिक अवस्थेत हा नियम पाळू नये, असा अपवादही त्यांनी दिला आहे. भिजलेली, मळलेली वा दुर्गंधी पट्टी आणि वाढती वेदना या अशाच अवस्था समजून बंध तत्काळ बदलावा.

बदलण्याचा क्रम असा : साबणाने हात धुवावेत. साधे हातमोजे घालून जुनी पट्टी काढावी. ती चिकटली असल्यास निर्जंतुक सलाइनने भिजवावी, ओढू नये. काढलेली पट्टी थेट पिवळ्या पिशवीत टाकावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तिची जागा तीच आहे. हातमोजे बदलून हात पुन्हा स्वच्छ करावेत. गंध, वर्ण, स्राव, वेदना व आकृती पाहूनच निर्जंतुक हातमोज्यांनी नवा बंध बांधावा आणि त्यावर तारीख लिहावी.

ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस व १५ पौंड दाब असावा. गुंडाळलेल्या सामानास साधारण ३० मिनिटे द्यावीत. ड्रम ठासून भरू नये. गुंडाळी ओली निघाली तर ती निर्जंतुक मानू नये. पावसाळी दमट कपाटात ठेवलेल्या सामानाबाबतही हीच दक्षता हवी. नुसते उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

जात्यादि तैलाविषयी औषधालयांच्या मालकांनाही सांगावेसे वाटते. तैलपाकात उष्णता लागते म्हणून तेल निर्जंतुक झाले, हा समज बरोबर नाही. पुढे गाळताना व भरताना ते पुन्हा दूषित होऊ शकते. एकाच बरणीत प्रत्येक रुग्णासाठी कापूस बुडविणे म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या व्रणात नेणे होय. लहान बाटल्या विक्रीस ठेवाव्यात. वैद्याने लागेल तेवढेच तेल निर्जंतुक वाटीत घ्यावे आणि उरलेले बरणीत परत ओतू नये. ताज्या, टाके घातलेल्या जखमेवर तेलाचा हट्ट धरू नये.

मधुमेही रुग्णाचा पाय काळवंडत असेल, ज्वर येत असेल किंवा लाली वर चढत असेल, तर विलंब न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. चिखलाने मळलेल्या प्रत्येक जखमेत धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. व्रणाच्या रक्षणाला आचार्यांनी दिलेले महत्त्व आपल्या रोजच्या पट्टीतही दिसावे, एवढीच अपेक्षा.