वारंवार घोळणा फुटतो? कारण अॅलर्जीही असू शकतं

सकाळी मुलाच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले की आईच्या काळजाचा ठोका चुकतो. आजी म्हणते, ‘‘उष्णता झालीय. डोक्यावर गार पाणी थापा, कांदा हुंगवा.’’ रक्त थांबतं, पण आठवड्याभरात घोळणा पुन्हा फुटतो. मग आंबे बंद, उन्हात खेळणं बंद! तरी भर पावसाळ्यातही रक्त येतंच.

अशा वेळी मुलाकडे नीट लक्ष द्यावं. उठल्याबरोबर त्याला ओळीनं शिंका येतात का? नाक सतत चोंदलेलं असतं का? तळहातानं नाक खालून वर चोळायची सवय आहे का? तसं असेल, तर मूळ नाकाच्या अॅलर्जीत असू शकतं.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. मुलांचा घोळणा बहुधा इथूनच फुटतो. अॅलर्जीमुळे आतलं अस्तर सुजतं, खाज सुटते. मूल नाक चोळतं, जोरात शिंकरतं, खपली काढतं आणि नाजूक अस्तराला जखम होते. ती भरते न भरते तोच पुन्हा खाज, पुन्हा रक्त!

रक्त आल्यावर काय कराल?

मान मागे टाकायला लावू नका. रक्त घशात उतरून उलटी होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवा. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० मिनिटं दाबा, मध्ये सोडून पाहू नका. मुलाला तोंडानं श्वास घेऊ द्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

गादी-उशीतले धुळीतले सूक्ष्म कीटक हे अॅलर्जीचं मोठं कारण. चादरी, अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. भिंतीची ओल, उदबत्तीचा व सिगारेटचा धूर टाळा. मुलाची नखं कापलेली असू द्या. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल, तर त्याचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला वळवा. नाहीतर स्प्रेनंच रक्त येऊ शकतं.

रक्त २० मिनिटांत थांबलं नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. अंगावर मार न लागता निळे डाग उठत असतील किंवा मूल २ वर्षांहून लहान असेल, तरी डॉक्टरांना दाखवाच. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो.

एरवी मात्र मुलाचा आंबा तोडण्याआधी त्याची उशी तपासलेली बरी!