पहिला कॉम्प्युटर जोडताना कात्री कुठे लावावी?

रत्नागिरीत पहिला कॉम्प्युटर घरीच असेंबल करायचा ठरला की यादी प्रोसेसरपासून सुरू होते. मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, आणि उरलेल्या पैशांत कॅबिनेट व त्याच्यासोबत येईल तो एसएमपीएस. पैसे बेताचे असले की कात्री या शेवटच्या वस्तूंनाच लागते. माझे म्हणणे असे, की निदान कोकणपट्टीत तरी ती दुसऱ्या टोकाने चालवायला हवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, समुद्रावरून येणारा खारा वारा, वळवाच्या विजा आणि पावसाळाभर जाणारी-येणारी लाइट, हे इथल्या यंत्राचे रोजचे हवामान आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. असा प्रसंग दरवर्षी येत नाही. पण फांदी तारेवर पडून लाइट जाणे आणि आल्या आल्या पुन्हा जाणे नेहमीचेच.

प्रोसेसरवर हात आखडला तर मशीन रडतखडत चालेल, हा पहिला आक्षेप. तो नावावर ठेवलेल्या भरवशातून येतो. ‘आय-सेव्हन’ एवढ्यावरून प्रोसेसरची पिढी कळत नाही. २०१७चा आय-सेव्हन ७७०० आणि २०२२चा आय-थ्री १२१००, दोघांनाही चार कोर आणि आठ थ्रेड. वेगात मात्र नवा आय-थ्री पुढे आहे. स्वस्तात मिळतात म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-फाइव्ह आणि त्यांच्यासाठीचे एच६१ मदरबोर्ड घेतले जातात. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्सवर ही जुनी मशीन्स अजून चालतात, हे मान्य. पण ते आधी ठरवून घ्यावे, नंतर नाइलाज म्हणून नव्हे. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. खोक्यावर ‘४ जीबी’ लिहिलेले जीटी ७३० हे २०१४चे कार्ड. रायझन ५ ५६००जीमध्ये अंगचेच असलेले ग्राफिक्स त्याच्यापेक्षा सरस आहे. जीबी हा आकडा मेमरीची जागा सांगतो, चिपची ताकद नाही. अभ्यास, कोडिंग, ऑफिसचे काम आणि हलके गेम यांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे वाचलेले पैसे कार्डावर जातात. आणि अंगचे ग्राफिक्स रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्याऐवजी ८-८च्या दोन घेतल्या की दोन्ही चॅनेल कामाला लागून वेग वाढतो.

इथे वाचलेला पैसा एसएमपीएसकडे वळवावा. ‘४५० वॅट लिहिलंय, म्हणजे पुरे’ हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. एसएमपीएसच्या लेबलवर त्या रकान्यात १६ अँपिअर असतील, तर हिशेब १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटचा. वरचा मोठा आकडा काहीही असो. ‘८० प्लस’चा शिक्काही अर्धेच सांगतो: आत गेलेल्या विजेपैकी किती कामाला येते आणि किती उष्णतेत जाते. व्होल्टेज अचानक चढल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर तो स्वतःला बंद करतो की मदरबोर्डला सोबत घेऊन जातो, हे त्या शिक्क्यात नाही. त्यासाठी संरक्षण-सर्किटांची यादी आणि वॉरंटीची वर्षे पाहावीत. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असा इनपुट छापलेला असतो. एवढा पल्ला असला की वेगळा स्टॅबिलायझर घ्यायचे कारण उरत नाही. कमी दाब तो निभावून नेतो. अचानक गेलेल्या विजेपुढे मात्र त्याचा इलाज नाही.

त्यासाठी यूपीएस. त्यावरचे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. घरगुती यूपीएसवर त्याचे बहुधा ३६० वॅट होतात. आतली बॅटरी साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे ८४ वॅट-तासांची. मशीन आणि मॉनिटर मिळून १०० वॅट घेत असतील, तर कागदावर पाऊण तासाहून थोडे जास्त. पण लेड-ॲसिड बॅटरी भरभर रिकामी करताना पुष्कळ कमी देते, म्हणून वीसेक मिनिटेच धरावीत. फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढे पुरतात. विजांपासून मात्र यूपीएस वाचवील असे मानू नये. कडकडाट सुरू झाला की प्लग काढावा आणि राउटरकडून आलेली तांब्याची लॅन केबलही काढावी. अर्थिंगकडे तर कोणी पाहतच नाही. सड्यावरच्या घराखाली जांभा आणि कातळ असतो. कोरडा कातळ वीज नीट वाहून नेत नाही, आणि मे महिन्यात सुकलेला अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. वायरमनकडून तो तपासून घेणे हा मला कॉम्प्युटरच्याच बजेटमधला खर्च वाटतो.

खाऱ्या हवेबद्दलचा समज असा, की पावसाळ्यात मशीन झाकून बंद ठेवलेले बरे. उलट आहे. मिठाचे कण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून ओले होतात, आणि ओले मीठ वीजवाहक असते. धातूच्या टोकांवरची झीज तिथून सुरू होते. आता बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरा. चालू मशीनच्या आत तीच हवा ३८ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे रोज तास-दोन तास चाललेले मशीन आतून कोरडे होते, आणि प्लास्टिकच्या आवरणाखाली चार महिने ठेवलेले सर्दावते. पंखे हवेबरोबर मीठही आत ओढतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून हवा आत घेणाऱ्या बाजूला जाळीचे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे आणि टेबल समुद्राकडच्या खिडकीपासून दूर ठेवावे. काचेचे दार आणि रंगीत दिवे यांचा यात काहीच उपयोग नाही.

मग एवढ्या कटकटीपेक्षा लॅपटॉप का नको? शिकायला पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलासाठी लॅपटॉपच योग्य. त्याला अंगची बॅटरीही असते. पण घरात राहणाऱ्या मशीनचे गणित वेगळे आहे. असेंबल केलेल्यात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. एसएमपीएस गेला तर चार स्क्रू काढून तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला तर बहुधा अख्खे मशीन सर्व्हिस सेंटरला पाठवावे लागते. ऑनलाइन घ्या, लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा गावातल्या दुकानातून घ्या. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असलेले जीएसटी बिल हवेच. वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात, कारण विजेचा लोळ आणि गंज हे दोन्ही बहुधा त्यांतून वगळलेले असतात.