धाकट्या अशिलांची वकिली

‘हे कधी घडलं?’ असं कोर्टात विचारलं की मोठा माणूस तारीख सांगतो. रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीवरचं आठ वर्षांचं मूल सांगतं, ‘मुंबईवाले गणपतीला आले होते तेव्हा’, नाहीतर ‘शिमग्यात, पालखी आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी’. मुलाच्या हिशेबात हे उत्तर अगदी नेमकं असतं, पण उलटतपासणीत त्याचा भुगा करायला दोन मिनिटं पुरतात. मुलांचे खटले सांभाळणारा वकील हे ओळखून आधीच कामाला लागलेला असतो. त्या वर्षी चतुर्थी किती तारखेची होती, पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत होती, शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी मुलाच्या नावापुढे काय लिहिलंय, हे सगळं तो गोळा करतो आणि वेळेत सरकारी वकिलांच्या हाती ठेवतो. मुलाचं म्हणणं शाबूत ठेवून न्यायाधीशांपर्यंत पोचवणं हाच या वकिलीचा गाभा.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. या कायद्याने कोर्टाची रीतच बदलली. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, तोही शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. सुनावणी बंद दालनात चालवायची. वकिलांनी प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे. मुलाला मध्ये विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस शेजारी बसू द्यायचं, आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही. हे सगळं छापील पानावर आहे. एखाद्या पावसाळी दुपारी, बोर्डावर पन्नास प्रकरणं असताना, ते खरोखर घडावं म्हणून उठून उभं राहणारं माणूस लागतं. कलम ४० नुसार मुलाच्या कुटुंबाला स्वतःच्या पसंतीचा वकील देता येतो. खटला सरकारी वकीलच चालवतात, त्यांना साथ द्यायला मुलाचा स्वतःचा वकील असतो. ही तरतूद असल्याचं अनेक पालकांना माहीतही नसतं.

या वाटेवर आधी चाललेल्यांमध्ये मुंबईच्या ॲडव्होकेट महारुख अदेनवाला यांचं नाव घ्यावंच लागतं. मुलांचे हक्क हेच त्यांनी वकिलीचं क्षेत्र मानलं आणि बालन्याय व्यवस्थेवर कार्यकर्त्यांना, पोलिसांना वापरता येईल असं लेखनही केलं. २००१ साली कुलाब्यातल्या अँकरेज या निवाऱ्यातल्या रस्त्यावरच्या मुलांचं लैंगिक शोषण होत असल्याचं बाहेर आलं. ब्रिटिश नौदलात काम केलेले दोन परदेशी आरोपी, आणि समोर ज्यांना ना घर ना दार अशी मुलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेण्यात अदेनवाला पुढे होत्या. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. तिथे सगळं संपलं असतं, पण चाइल्डलाइन संस्थेने आणि अदेनवाला यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १८ मार्च २०११ रोजी त्या न्यायालयाने मुलांच्या साक्षींवर विश्वास ठेवला आणि सहा वर्षांची शिक्षा कायम केली. पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली. तोवर ती मुलं मोठी झाली होती. या वकिलीला लागणारी चिकाटी किती वर्षांची असते, ते या एका प्रकरणावरून कळतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल बहुतेकांच्या स्मरणात असेल. कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही, असा त्याचा अर्थ होता. बारा वर्षांच्या मुलीचं ते प्रकरण. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने तो निकाल रद्द केला. हेतू महत्त्वाचा, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. एका कलमातला एक शब्द कसा वाचायचा यावर देशातल्या असंख्य मुलांचे खटले अवलंबून होते.

आता रत्नागिरीचा विचार करू. मंडणगडपासून राजापुरापर्यंत नऊ तालुके, मधे खाड्या आणि घाटवळणं. बाल न्याय मंडळ आणि बालकल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी. मंडणगडच्या वाडीवरून आईने मुलीला घेऊन रत्नागिरी गाठायची म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. बाप मुंबईला नोकरीत, तो रजा काढून येणार. तारीख पुढे गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. उच्च न्यायालयात जायचं तर पूर्वी मुंबईच होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी त्याच्या कक्षेत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं. इमारती जवळ आल्या ही मोठीच गोष्ट, पण तालुक्याच्या बार रूममध्ये मुलांचा कायदा पाठ असलेला एक तरी वकील असायला हवा. ती जागा बहुतेक ठिकाणी अजून रिकामी आहे.

या कामातला सर्वांत रुक्ष आणि सर्वांत निर्णायक भाग म्हणजे वय. मूल अठराच्या आतलं आहे हे सिद्ध झालं तरच हे कायदे लागू होतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेतला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यांतलं काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. ग्रामीण महाराष्ट्रात किती जणांची जन्मतारीख १ जून आहे हे कोणत्याही गुरुजींना विचारावं. शाळेत नाव घालताना जी सोयीची पडली ती तारीख लिहिली गेली. खेड, दापोली, मंडणगड भागातल्या कातकरी कुटुंबांची तर पोरंबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला भटकंती चालते, त्यामुळे कित्येकदा शाळेचा दाखलाही नसतो आणि जन्माची नोंदही नसते. मग हाडांची तपासणी होते, आणि तिच्यातून निघणारं वय अंदाजाचं असतं. सोळा की अठरा या वादात मुलीचा खटला अडकतो. अशा वेळी अंगणवाडी सेविकेची जुनी वही, लसीकरणाचं कार्ड, आरोग्य उपकेंद्रातली नोंद हुडकून काढणारा वकील हवा.

पीडित मुलांसाठी सहानुभूती लवकर मिळते. ज्या मुलावर स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्या बाजूने उभं राहणं त्याहून अवघड. सरकारी भाषेत त्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. १९८० च्या दशकात देशभर अशी मुलं मोठ्या कैद्यांसोबत तुरुंगात ठेवली जात होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी, त्या वकील नव्हत्या तरी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत मुलांविरुद्धचा तपास तीन महिन्यांत संपवावा आणि देशभर एकच बालकायदा असावा, असं न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदा केला. आज २०१५ चा कायदा लागू आहे. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतली निदान एक महिला असावी लागते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्याआधी मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. वकिलाचा खरा कस इथे लागतो. मुलाचं घर, शाळा, संगत, त्याच्यावर झालेले अन्याय हे सगळं तिथे मांडलं गेलं नाही, तर त्या एका दिवसात त्याचं पुढचं आयुष्य ठरून जातं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते: मुलांवरच्या बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. भावकीतला, शेजारचा, कधी घरातलाच. लहान गावात त्याच्याशी विहीर, देऊळ, मानपान सगळं जोडलेलं असतं. ‘मिटवून टाका’ असं सांगायला माणसं येतात. आई गप्प होते आणि मूल साक्षीच्या दिवशी फितूर होतं. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अर्जुन मालगे यांच्या जनहित याचिकेत सांगितलं, की आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना मुलाच्या कुटुंबाला मिळालीच पाहिजे आणि त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आरोपी सुटून गावात आला हे कुटुंबाला एसटी स्टँडवर कळू नये, इतकी साधी ही गोष्ट. तरी तिच्यासाठी न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

या वाटेला यायचं असेल तर सुरुवात नेहमीचीच. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, मग सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. पुढची काही वर्षं एखाद्या फौजदारी वकिलाकडे ज्युनिअर म्हणून काढावीत, कारण साक्षीपुरावा ज्याला येत नाही त्याला मुलांचे खटलेही येत नाहीत. तीन वर्षांच्या वकिलीनंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येतो. पैसा या कामात बेताचाच. बहुतेक जण जमिनीचे दावे, वारसाचे दाखले यांवर घर चालवतात आणि मुलांची प्रकरणं त्याच्या जोडीने घेतात. नावही होत नाही, कारण मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि जिंकलेल्या खटल्याची गोष्टसुद्धा चारचौघांत सांगता येत नाही. तरीही तरुण वकिलांनी, विशेषतः मुलींनी, या कामात यावं. समोर बसलेलं मूल कोणाशी बोलतं आणि कोणाशी नाही, यावर अर्धा खटला असतो.

निकाल लागला तरी फाइल मिटत नाही. पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतली मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मंजूर करून घ्यायची, मुलाच्या नावाचं खातं उघडायचं, त्याची रक्कम मुदत ठेवीत जाईल आणि मामा-काका ती परस्पर काढणार नाहीत एवढी तजवीज करायची, शाळा बदलायची असेल तर दाखल्यासाठी मुख्याध्यापकांना भेटायचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मुलाला मोफत वकील मिळतो, कुटुंबाचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यासाठी एक साधा अर्ज करावा लागतो, आणि तो तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडेही देता येतो.