घरधनी गेला, थोरलीने कारभार घेतला

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर बोटभर लांबीचा एक मासा राहतो. निळसर अंगावर काळा पट्टा, आणि धंदा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाण्याचा. म्हणून हा सफाई मासा.

कुटुंबात नर एकच; माद्या साधारण ३ ते ६. आकाराने थोरली तीच मानाने थोरली, आणि वरची खालचीवर डाफरणार.

नर मेला तर?

जीवशास्त्रज्ञ रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ साली याचं उत्तर मांडलं. काही तासांतच थोरली मादी नरासारखी हद्दीवर गस्त घालू लागते, इतर माद्यांना दरडावते. १४ ते १८ दिवसांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. एरवी नराच्या धाकानेच हा बदल अडलेला असतो.

बाकीच्या माद्या मग एकेक पायरी वर सरकतात.